लवूने केलेलं गौरीचं सार

समुद्राच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावात लवू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. गावात शहाणेही पुष्कळ होते, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

लवू अंगाने दणकट होता. किनाऱ्यावर जाळं ओढायला लागला की दोन माणसांचं काम एकटा करायचा. खोटं बोलायचा नाही, कुणाच्या वाटेला जायचा नाही. काम सांगितलं की सांगितलं तसंच करायचा, आणि एकदा शिकवलेली गोष्ट जन्मात विसरायचा नाही. घोळ एवढाच होता की शिकवलेली गोष्ट तो पुढच्या वेळी वापरायचा, आणि पुढची वेळ दर वेळी वेगळीच निघायची.

त्याची बायको द्वारका. ती हुशार होती. लवूशी लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी ती हुशारच राहिली होती, यावरून ती मुळात किती हुशार असेल ते बघा.

त्या गावात भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग गौर येते. गौर म्हणजे गणपतीची आई आणि घरची माहेरवाशीण. माहेरवाशिणीला सासरी वर्षभर काय वाढतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून माहेरी तिला तिच्या आवडीचं मिळतं. समुद्रकाठच्या माहेरवाशिणीला आवडणार मासे. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पानात बांगड्याचं झणझणीत सार पडतं. गणपती शेजारीच बसलेला असतो, पण तो पडला शाकाहारी. म्हणून मायलेकरांच्या मध्ये पडदा धरतात. पडद्याच्या एका बाजूला आई बांगडे खाते, दुसऱ्या बाजूला मुलगा मोदक खातो. हे किती पिढ्या चाललंय कुणास ठाऊक, पण मुलाने अजून तक्रार केलेली नाही.

लवूच्या भावकीत घरं सात आणि गौर एकच. ती लवूच्या घरी यायची, कारण सार द्वारकेच्या हातचं. नैवेद्याचं सार आधी कुणी चाखायचं नाही, असा नियम. नैवेद्य झाला की पहिला घास भावकीतले थोरले चुलते दाजी घ्यायचे, मिशीवर जीभ फिरवायचे आणि गौरीला सार आवडलं की नाही ते सांगायचे. गौर स्वतः काही बोलायची नाही.

शेजारच्या घरात चुलत जाऊ सुलोचना राहायची. गौर आपल्या घरी यावी असं तिला फार वाटायचं. वर्षभर दाजींच्या कानाशी लागून तिने सांगून ठेवलं होतं की द्वारकेच्या हाताची चव गेली. दाजींना ते पटलं नव्हतं, पण वर्षभर ऐकल्यावर माणूस कंटाळतो. शेवटी ते म्हणाले, यंदा बघू. सार बिघडलं तर पुढल्या वर्षीपासून गौर सुलोचनेकडे.

हे द्वारकेच्या कानावर आलं. तिच्या स्वतःच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. आईवडील गेले, घराला कुलूप लागलं. वर्षातून तीन दिवस तिच्यासारखीच एक माहेरवाशीण तिच्या घरी यायची, तिच्या हातचं जेवायची. तिचं येणं बंद झालं असतं तर द्वारकेला फार लागलं असतं. तिने ठरवलं, यंदा असं सार करायचं की दाजींनी बोटं चाटत बसावं.

आणि गौरीच्या जेवणाच्या दिवशी पहाटेच द्वारका बाहेर बसली.

बाहेर बसायच्या दिवसाला अजून चार दिवस होते. पण सणवार कधी आहे हे त्या दिवसाला बरोबर कळतं, हे कुठल्याही बाईला विचारा. आता चार दिवस तिने देवाला शिवायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, पडवीत घोंगडीवर बसायचं. पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की घरात. सकाळी चहा देताना लवूचं बोट तिच्या बोटाला लागलं. शिवलं की तिथल्या तिथे डोक्यावरून पाणी, असं तिने त्याला सांगितलं. लवूने उभ्या उभ्या कळशी डोक्यावर ओतली. कपातल्या चहाचं पार पाणी झालं.

सुलोचनेला मदतीला बोलावणं म्हणजे गौर आपल्या हाताने तिच्या दारात नेऊन ठेवण्यासारखं होतं. राहिला लवू. पडवीतून स्वयंपाकघरात उघडणारी एक खिडकी होती. द्वारकेने विचार केला, आपण खिडकीतून सांगायचं, त्याने आत करायचं. हुशार माणसंही कधी कधी असा विचार करतात.

आधी तिने त्याला किनाऱ्यावर बांगडे आणायला पाठवलं. डोळे तकतकीत बघा, कल्ले उचलून लाल आहेत का बघा, आणि घरी येईपर्यंत ताजे राहायला हवेत, असं बजावलं. लवूने बारा बांगडे निवडले. बारांचे डोळे बघितले, चोवीस कल्ले उचलले. मासे अगदी पहिल्या प्रतीचे होते. पण वाटेत ऊन लागलं आणि त्याला काळजी पडली. ताजा मासा कुठे असतो? पाण्यात. घराच्या आवारात शिरल्याबरोबर त्याने बाराच्या बारा बांगडे विहिरीत सोडले.

"ताजे रव्हाक व्हये म्हणालंस ना गो," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "बघ, कसे उताणे पवतत."

द्वारकेने त्याला पोहरा सोडून एकेक मासा काढायला लावला. ती विहीर सुलोचनेची आणि त्यांची सामाईक होती. त्या सकाळी सुलोचनेच्या घरचा चहा कसा लागला, हे सुलोचनेने कधी कुणाला सांगितलं नाही.

मासे निघाले. द्वारकेने त्याला समजावलं की मासा आणला की लगेच खवले काढायचे, पोट साफ करायचं आणि तीन पाण्यांनी धुवायचा. पुन्हा घोळ नको म्हणून तिने जरा जोर देऊन सांगितलं.

"सारात जा काय पडतला, ता आधी तीन पाण्यान धुवा. पाणी नितळ येयसर."

लवूने मासे तीन पाण्यांनी धुतले. काचेसारखे स्वच्छ झाले. द्वारकेला हायसं वाटलं. मग तिने त्याला वाटप करायला सांगितलं. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद. लवू पाट्यावर बसला. हातात जोर होताच, वाटप लोण्यासारखं मऊ झालं. मिरचीचा लालभडक रंग, धण्याचा वास पडवीपर्यंत आला. द्वारका खूश झाली आणि म्हणाली, आता टोपात घाला.

टोपात घालायचं म्हणजे सारात पडणार. सारात पडणार म्हणजे आधी धुवायला हवं. लवू वाटप घेऊन विहिरीवर गेला आणि त्याने ते तीन पाण्यांनी धुतलं. परत आला तेव्हा त्याच्या ओंजळीत पांढरा भुसा होता.

"पयल्या पाण्यात लाल रंग गेलो," तो समाधानाने म्हणाला. "दुसऱ्यात पिवळो गेलो. तिसऱ्यात वास गेलो. आता मातर अगदी स्वच्छ झाला."

द्वारकेने कपाळ खिडकीच्या गजावर टेकवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मग दुसरा नारळ फोडायला सांगितला. यावेळी तिने समजावलं की वाटप हा साराचा जीव असतो, त्यातला थेंबही वाया घालवायचा नाही. पाटा धुतलेलं पाणीसुद्धा टोपात जातं. आता कशाचंही काही फेकायचं नाही.

लवूला हे पटलं. दुसरं वाटप झालं. ते त्याने टोपात घातलं, पाटा धुऊन ते पाणी घातलं, वरवंटा धुऊन तेही पाणी घातलं. द्वारका खिडकीतून बघत होती आणि मनात म्हणत होती की माणूस शिकतोय. माणूस खरंच शिकत होता. त्याने कोपऱ्यात बघितलं. तिथे माशांची आतडी, कल्ले आणि खवले करवंटीत मांजरासाठी ठेवले होते. कशाचंही काही फेकायचं नाही. त्याने करवंटी टोपात उपडी केली, करवंटी धुतली आणि ते पाणीसुद्धा टोपात घातलं.

वास पडवीत पोचला तेव्हा द्वारकेला काय झालं ते समजलं. तिने डोळे मिटून घेतले. ऊन वर चढत होतं, दाजी दुपारी पानाच्या वेळेला येणार होते आणि चुलीवर अजून काहीच नव्हतं. रडायला वेळ नव्हता, म्हणून ती रडली नाही.

"ओ, जा आत चालना नाय, ता उचलून भायर पडवेत आणून ठेवचा," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "आत ठेवचा नाय. समाजला?"

लवूला समजलं. त्याने टोप उचलून पडवीत आणून ठेवला. मांजर आलं, मग मांजराची भावकी आली. त्यांची गौर त्या दिवशी झाली.

तिसरा नारळ फुटला. तिसरं वाटप झालं. लवूने ते धुतलं नाही, आणि त्यात आतडी घातली नाहीत. दुसरा टोप चुलीवर चढला. खिडकीतून द्वारका सांगत गेली आणि लवू करत गेला. वाटपाला उकळी आली, ठेचलेली तिरफळं पडली, कोकमाची सोलं पडली, मीठ पडलं, शेवटी बांगडे पडले. घरभर असा वास सुटला की द्वारकेच्याही तोंडाला पाणी आलं. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मासे पडल्यावर आत डाव घालायचा नाही, मासा मोडतो. टोप दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून अलगद हलवायचा.

लवूने खांद्यावरचा पंचा काढला, टोप धरला आणि आईने पाळणा हलवावा तसा अलगद हलवला. मासा एकही मोडला नाही. पंच्याचं टोक तेवढं चुलीत गेलं.

पंचा पेटला. लवूने आधी टोप नीट खाली ठेवला, पेटलेला पंचा लाकडांच्या ढिगावर ठेवला आणि तो पाणी आणायला विहिरीवर गेला. द्वारका पडवीतून ओरडत राहिली. आत तर तिला जाता येत नव्हतं. चुलीशेजारीच ताकाचा मोठा लोटा भरलेला होता, तो तिला दिसत होता आणि तिचा हात पोचत नव्हता. लवूचा पत्ता नव्हता. तो आला तोवर पंच्याची राख झाली होती, लाकडं धुमसत होती आणि शिंक्यातल्या सुकटाचा कोळसा झाला होता. त्याने विझत आलेल्या आगीवर घागर ओतली.

इतका वेळ का लागला, तर पोहऱ्यात माशांचे खवले येत होते. पाणी नितळ येईपर्यंत तो थांबला होता.

"वेळ आली काय बावडेर जावन बसतंत काय?" द्वारकेचा आवाज आता चिरका झाला होता. "हाताक जा गावात, ता ओता. पाणी शोधीत रव्हा नको."

लवूने मान डोलावली. आणखी एक गोष्ट तो आता जन्मात विसरणार नव्हता.

पण सार वाचलं. टोपावर झाकण पडलं आणि सार मुरायला ठेवलं. गौरीला कढत वाढत नाहीत, तिच्या जिभेला चटका बसू नये म्हणून. कोमट होईपर्यंत थांबतात. चाखून बघता येत नव्हतं, त्यामुळे सार कसं झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. द्वारकेने हात जोडले. तीन नारळ आणि एक पंचा गेला होता, पण अजून सगळं हातचं गेलं नव्हतं.

दाजी यायची वेळ झाली. द्वारकेने शेवटचं सांगितलं. माजघरात गौरीपुढे पान मांडा. त्याआधी गणपती आणि गौरीच्या मध्ये माझं जुनं लुगडं धरून पडदा करा. गणपतीला मासे चालत नाहीत. त्याला दिसता कामा नये, वाससुद्धा जाता कामा नये.

लवूने लुगडं बांधलं. पान मांडलं. मग तो गणपतीच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्याने नाकाने दीर्घ श्वास घेतला. दिसत काही नव्हतं, पण वास भरपूर येत होता. स्वयंपाकघरातून साराचा वास लुगड्यातून आरपार येत होता. त्याने लुगडं दुहेरी केलं. तरी येत होता. लवूने विचार केला. आतलं गणपतीला चालत नाही. म्हणजे गणपतीचं आणि साराचं आत जमणार नाही. आणि जे आत चालत नाही ते उचलून बाहेर पडवीत ठेवायचं.

त्याने गणपतीला नमस्कार केला, पाटासकट उचललं, पडवीत आणलं आणि द्वारकेच्या शेजारी ठेवलं. मध्ये दोन हातांचं अंतर सोडलं. शिवाशिवीची त्याला चांगली जाण होती.

द्वारका अंग चोरून भिंतीला चिकटली. लवू मात्र गणपतीपुढे उकिडवा बसला आणि त्याला समजावू लागला.

"देवा, चार दिवस हयच बस. पाचव्या दिवशी डोक्यावरसून आंघोळ केलंस काय भितर ये. मधी कोणाक शिवा नको."

आणि तो साराचा टोप आणायला आत गेला.

पडवीत द्वारका आणि गणपती राहिले. आता जमीन दुभंगेल, वीज पडेल, निदान छपरातून एखादं कौल तरी पडेल, असं तिला वाटलं. काही पडलं नाही. मांजराने एकदा डोळे उघडले आणि मिटले. हळूहळू द्वारकेने मान वर केली आणि गणपतीकडे बघितलं. बारा वर्षांत तिने तो इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. आरतीच्या वेळी ती नेहमी स्वयंपाकघरात मोदक वळत असायची. त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित लहान रंगवलेला होता. तिला उगाचच हसू आलं आणि बरं वाटलं.

तेवढ्यात अंगणातल्या खळ्यात खोकला ऐकू आला. दाजी आले होते, पांढरंशुभ्र धोतर, टोकदार मिशी. मागून सुलोचना आली, कारण सार बिघडलेलं तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दाजींची नजर पडवीत गेली. गणपती दिसला. गणपती दिसला की दाजींचे हात आपोआप त्याच्या पायांकडे जायचे, साठ वर्षांची सवय. ते पुढे झाले आणि वाकून त्यांनी देवाच्या पायांना हात लावला. मग वाकलेले असतानाच त्यांच्या लक्षात आलं की देव पडवीत आहे, आणि शेजारी घोंगडीवर द्वारका आहे.

"लवू," ते म्हणाले. "देव भायर कित्याक बसलो?"

लवू दोन्ही हातांत टोप घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"दाजीनु," तो म्हणाला, "तुमी तेका शिवलात?"

बाहेर बसलेल्याला शिवलं की तिथल्या तिथे डोक्यावरून पाणी. विहीर लांब होती. वेळ आली की विहिरीवर जायचं नाही, पाणी शोधत राहायचं नाही, हाताला मिळेल ते ओतायचं. लवूने एक क्षण वाया घालवला नाही. त्याने टोप उचलला आणि दाजींच्या डोक्यावर ओतला.

सार कोमट होतं, हे दाजींचं नशीब.

दाजींचं धोतर लाल झालं होतं. टोपीवर एक बांगडा होता, डाव्या खांद्यावर एक, आणि कानात तिरफळ अडकलं होतं. मिशीच्या दोन्ही टोकांवरून सार ठिबकत होतं. सुलोचनेने पदर तोंडाला लावला, पण तिचे डोळे हसत होते. द्वारकेने मान खाली घातली. गौर गेली, एवढंच तिला कळत होतं.

दाजींनी बोलायला तोंड उघडलं. बोलण्याआधी त्यांची जीभ बाहेर आली आणि मिशीवरून फिरली. त्यांनी ती मुद्दाम फिरवली नाही, तीही साठ वर्षांची सवय. जीभ आत गेली. दाजी थांबले. जीभ पुन्हा बाहेर आली आणि यावेळी दुसऱ्या बाजूने फिरली. मग त्यांनी खांद्यावरचा बांगडा उचलला, त्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावला. डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचं होतं.

"मीठ बरोबर आसा," ते म्हणाले. "ह्या कोणी केलां?"

"मीया," लवू म्हणाला. "पण ही सांगी होती."

दाजींनी दुसरा तुकडा तोंडात घातला. मग ते द्वारकेला म्हणाले, "ऊठ गो. भितर जा. टोपात काय उरला आसा ता गौरीक तूच वाढ. गौर हयच येतली."

सुलोचनेला राहवलं नाही. ती म्हणाली की ही बाहेर बसलेली आहे, हिने नैवेद्याला हात लावला तर केवढा अनर्थ होईल. दाजींनी कानातलं तिरफळ काढलं आणि तिच्याकडे बघितलं.

"देव हिच्या वांगडा बसलो. देवाक काय झाला?" ते म्हणाले. "जा काय झाला, ता माका झाला."

द्वारका उठली. उंबऱ्यापाशी तिचं पाऊल एकदा अडखळलं, मग ती टोप घेऊन आत गेली. टोपाच्या तळाशी दोन बांगडे आणि वाटीभर सार राहिलं होतं. तिने ते स्वतःच्या हाताने गौरीच्या पानात वाढलं, आणि वाढताना ती रडली, कारण आता वेळ होता. गणपतीला अक्षता वाहून परत माजघरात नेऊन बसवलं. जागेवरून हललेला देव असा परत बसवता येतो का, हे भटजींना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आले असते, आणि आले असते तर त्यांना वास आला असता. बाकीची भावकी त्या दिवशी कालच्या मोदकांवर जेवली.

सगळे आत गेले. पडवीत लवू एकटा राहिला, रिकाम्या हातांनी. त्याने दाजींना विचारलं की आता मी काय करू. दाजी विहिरीकडे निघाले होते. मागे वळून न बघता ते वैतागून म्हणाले, "तू भायर बस."

लवू बाहेर बसला.

घोंगडी रिकामीच होती. दुसऱ्या दिवशी गौर आणि गणपती वाजतगाजत समुद्रावर गेले, तेव्हा त्याने लांबूनच हात जोडले. लोक बोलवायला आले तर म्हणाला, शिवू नका. द्वारकेने चहा आणला की खिडकीत ठेवायला सांगायचा. तिने किती समजावलं, पण दाजींनी सांगितलं होतं आणि लवू सांगितलेलं करणारा माणूस होता. चार दिवस तो घोंगडीवरून उठला नाही. पाचव्या दिवशी पहाटे त्याने डोक्यावरून आंघोळ केली, कोरडं धोतर नेसलं आणि घरात आला.

द्वारका चुलीपाशी होती. तिने विचारलं, कसे गेले चार दिवस.

"पयल्या दिवशी कंबर खूप दुखली," लवू म्हणाला. "मगे बरा वाटला."